कासव बसेपर्यंत

सकाळी न्याहारीच्या वेळी, पाहुण्यांच्या देखत, राजाच्या मैनेने सांगितले की मधाचा कडा रिकामा आहे.

जंगलाचे नाव भोवरवन. राजा अस्वल. त्याच्या आधी त्याचा बाप राजा होता, बापाच्या आधी आजा. तरीही दर खेपेला राजा सभेतून निवडला जाई, आणि दर खेपेला सभेला अस्वलच आवडे. पाहुणे म्हणजे पलीकडच्या खोऱ्यातले दोन हत्ती. मोहाची फुले देऊन मध न्यायला आले होते. कड्यावरचा मध सगळ्या जंगलाचा. पिलांच्या आजारपणाला, म्हाताऱ्यांच्या खोकल्याला आणि पावसाळ्यातल्या अडीनडीला राखून ठेवलेला. कडा असा उंच आणि सरळसोट की खालून काही दिसत नसे. अस्वलांना तेवढे चढता येई, म्हणून राखणही अस्वलांकडेच होती.

"कडा काठोकाठ भरलाय," महाराज पाहुण्यांना सांगत होते. "यंदा पोळ्यांना जागा पुरेना."

"कुठं? एक पोळं नाही तिथं," झुल्यावरून मैना म्हणाली. "आत्ताच बघून आले. कालही नव्हतं."

हत्तींनी एकमेकांकडे पाहिले. महाराजांनी पंजाने तोंड पुसले. पुसून झाल्यावर तो पंजा चाटला, हे त्यांनी करायला नको होते.

मैनेचे नाव सगुणा. घरट्यातून पडलेले पिलू महाराजांच्या आईने उचलून आणले, वाढवले, बोलायला शिकवले. तेव्हापासून सगुणा वाड्यातल्या झुल्यावर राही आणि रोज पहाटे जंगलावरून एक फेरी मारी. वरून दिसेल ते ओरडून सांगण्याचा तिचा रिवाज होता. कुठे पाणी आहे, कुठे वणवा लागलाय, कुठे फासे लावलेत. जंगल तिच्या आवाजावर दिवस सुरू करी. ती पाळलेली होती म्हणून तिला बोलता येत होते, आणि पंख होते म्हणून तिला दिसत होते. दोन्ही गोष्टी एकाच पक्ष्यात असणे किती धोक्याचे आहे, हे त्या न्याहारीपर्यंत कोणाच्या लक्षात आले नव्हते.

हत्ती मोहाची फुले घेऊन परत गेले. दुपारी सभा बोलावण्यात आली. विषय होता मैनेची सुरक्षा.

सभा भरे ती ओढ्याकाठच्या मैदानात. धोंडीआबा नेहमीप्रमाणे सर्वांत आधी निघून सर्वांत शेवटी पोचले. आबा म्हणजे जंगलातले सर्वांत म्हातारे कासव. त्यांना सभेत फारसा रस नव्हता. पण सभेच्या बाजूलाच ओढा होता, आणि रोज दुपारी पाठ तापली की ओढ्यात जाऊन बसायचे, एवढी एकच चैन आबांनी आयुष्यभर केली होती. ते मागच्या बाजूला एका दगडाला टेकले आणि ऊन पाठीवरून कधी सरकेल याची वाट पाहू लागले.

प्रधान उभे राहिले. प्रधान म्हणजे साळिंदर, काटेराव. बोलणे मऊ, फक्त कोणी प्रश्न विचारला की अंगावरचे काटे उभे राहत. त्यामुळे प्रश्न कमी झाले होते आणि कारभार सुरळीत चालला होता.

"बंधूंनो आणि भगिनींनो," काटेराव म्हणाले, "आपली लाडकी सगुणा रोज एकटी उडते. वर ससाणे आहेत. वारा आहे. उंची तर विचारूच नका, ती दिवसेंदिवस वाढत चाललीय. उद्या तिला काही झालं तर महाराज कोणाच्या तोंडाकडे बघणार? म्हणून फक्त टोकाची पिसं. पंख कापणे असा शब्द काही जण वापरतायत, त्यांचा हेतू तपासावा लागेल. आपण पंखांना विश्रांती देतोय."

झाडावरून माकडांनी घोषणा दिली: "पंख कमी, सुरक्षा हमी!" घोषणा सकाळीच पाठ करून घेतलेली असल्याने एकसुरात आली.

"दुखत नाही हो," काटेराव पुढे म्हणाले. "नखं कापण्यासारखंच आहे. नखं कापली म्हणून कोणी रडतं का?"

"मग आधी महाराजांची कापून बघू," सगुणा म्हणाली. तिला लाभार्थी म्हणून पुढच्या फांदीवर बसवले होते. "नाही रडले, तर माझी कापा."

काटेरावांचे काटे उभे राहिले. महाराजांनी आपले पंजे पोटाखाली घेतले.

एका रानकोंबडीने बोलायची परवानगी मागितली. "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पंख असून झुडपाच्या वर गेलो नाही. आमचं काही अडलंय का? हे उंच उडण्याचं खूळ वाड्यातल्यांचं. सामान्य पक्षी जमिनीवरच असतो." टाळ्या पडल्या. मोर म्हणाला की पंख हे मुळात दाखवण्यासाठी असतात, वापरल्याने ते मळतात. खाली पाण्याच्या कडेला राजाचा खेकडा बसला होता. जंगलात कात्री म्हणावी अशी चीज फक्त त्याच्याकडे होती. काटेरावांनी त्याला नांग्या उघड्या ठेवून तयार राहायला सांगितले होते, आणि तो तयार होता.

आता मत घ्यायचे होते.

भोवरवनात मत घेण्याची रीत जुनी होती. हात वर करा म्हणावे तर सापाचे काय? ओरडा म्हणावे तर सशाचे काय? म्हणून पूर्वजांनी ठरवून दिले होते: ठराव मान्य असेल त्याने बसून राहायचे, मान्य नसेल त्याने उठून, आपल्या पायांनी, ओढ्यापलीकडे जाऊन बसायचे. मग दोन्हीकडचे मोजायचे. बसून राहणे सगळ्यांनाच जमत असल्याने भोवरवनातले ठराव पटापट मंजूर होत.

"मान्य असेल त्यांनी बसावं," काटेराव म्हणाले.

सगळे बसले. वटवाघूळ फांदीला उलटे लटकले होते. त्याला बसलेले म्हणायचे की नाही याबद्दल नियम नव्हता, म्हणून त्याला होकारात धरण्यात आले.

नेमका त्याच वेळी आबांच्या पाठीचा तवा झाला. आबा उठले आणि ओढ्याकडे चालू लागले.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ससा शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "आबा उठले!" शेजारी म्हणाला, "आबा? ते तर आमच्या आज्याच्या लग्नातही उठले नव्हते!" माकडांना यासाठी घोषणा दिलेली नव्हती, ती एकमेकांची डोकी खाजवू लागली.

"आबा," काटेराव जवळ येऊन हसत म्हणाले, "कुठं निघालात एवढ्या उन्हाचं?"

"ओढ्यात," आबा म्हणाले.

"म्हणजे पाण्याला. ठरावाशी संबंध नाही. तसं जरा मोठ्यानं सांगा, म्हणजे सगळ्यांना कळेल."

आबा तोंड उघडणारच होते. कासवाला तोंड उघडायलाही वेळ लागतो, आणि तेवढ्यात सगुणा फांदीवरून उडून थेट त्यांच्या पाठीवर येऊन बसली.

"आबा, माझ्यासाठी उठलात?"

आबा खोटे बोलत नसत. खोटे बोलले की पुढे धावावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. "नाही गं पोरी," ते म्हणाले. "पाठ तापली."

सगुणा हसली. मग कानाजवळ वाकून हळूच म्हणाली, "तापली तर तापली. पण पोचू नका."

"आँ?"

"पोचलात तर तुमचं एक मत विरोधात, बाकी सगळं जंगल बाजूनं. ठराव मंजूर, खेकडा हजर. बसलात तरी मंजूर. पण चालत राहिलात तर मोजताच येणार नाही. महाराजांच्या आज्यानंच नियम केलाय ना, चालता प्राणी मोजायचा नाही, तो बसेपर्यंत निकाल द्यायचा नाही."

नियम खरा होता. आज्याच्या काळात एका मतासाठी ठराव अडला होता. बाजूने असलेला गवा चुकून पलीकडे गेला होता आणि त्याला परत यायला वेळ लागत होता, म्हणून त्याच्यासाठी हा नियम करून घेतला होता. नियम करणाऱ्याला आपला नातू होईल हे ठाऊक असते. नातवाला विरोधक होईल हे सुचत नाही.

आबा थांबले नाहीत, पण विचारात पडले. मागच्या उन्हाळ्यात ओढा आटला होता. आबा दोन दिवस गवतात फिरत राहिले. जमिनीवरून गवताच्या काड्यांपलीकडे काही दिसत नाही. तेव्हा वरून एक आवाज आला होता, "आबा, डावीकडे! जांभळाखाली डबकं आहे!" त्या डबक्यातल्या पाण्याची चव अजून त्यांच्या जिभेवर होती. जो खाली राहतो त्यालाच वरून बघणाऱ्याची किंमत कळते. रानकोंबडीला हे का कळले नाही, याचे त्यांना नवल वाटले.

"काटेराव," आबा म्हणाले, "पाठ तापली होती हे खरं. पण आता उठलोय, तर विरोधच धरा."

"मग लवकर पलीकडं जा, म्हणजे मोजतो."

"जातो की," आबा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुद्दाम सावकाश चालायला सुरुवात केली. कोणाला फरक कळला नाही.

त्या दिवशी निकाल लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आबा ओढ्याच्या रोखाने निघत आणि काठापाशी आले की काठाकाठाने वळत. तोंड ओढ्याकडे आहे का, असे विचारले तर आहे म्हणत. रात्री ते झोपत नसत. झोपलेला बसलेला धरतात.

आबांना उचलून पलीकडे नेता येत नव्हते. पूर्वी हत्तींनी विरोधकांना सोंडेने पलीकडे भिरकावल्यामुळे "आपल्या पायांनी" ही अट आली होती. तेव्हा काटेरावांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी विरोधकाला सर्वतोपरी मदत जाहीर केली.

आबांच्या वाटेतले काटे काढले. दगड हलवले. मैदानापासून ओढ्यापर्यंत मऊ मातीचा रस्ता केला आणि त्याला असहमती मार्ग असे नाव दिले. भोवरवनातला तो पहिला रस्ता. महाराजांनी उद्घाटन करताना सांगितले की विरोधकासाठी रस्ता बांधणारे राज्य जगात दुसरे नाही. माकडांना नवी घोषणा मिळाली: "आबा, आबा, वेग वाढवा! सभेची ही शान वाढवा!" ती दिवसभर आबांच्या डोक्यावरच्या फांद्यांवरून ओरडत जात.

रस्ता झाला तसे लोक आबांना भेटायला येऊ लागले. घोरपड म्हणाली, "आबा, तुमच्या विरोधाला आमचा पूर्ण पाठिंबा. फक्त जरा आमच्या बिळाकडून वळा, म्हणजे रस्ता तिकडं येईल."

"पाठिंबा आहे तर माझ्यासंगं चल की," आबा म्हणाले.

"अहो, मी बसलेली आहे ना," घोरपड म्हणाली.

आबा बिळांवरून वळत गेले, मागून रस्ता येत गेला. पुढे साळिंदराच्या गणगोताला माती पुरवण्याचे काम मिळाले आणि रस्ता आबांच्या पुढे धावू लागला. मग आबा सोडून भलतीकडेही गेला.

तरी आबा पोचेनात. शेवटी काटेरावांनी ठरवले की आबा ओढ्याकडे जात नसतील तर ओढा आबांकडे नेऊ. रानडुकरांनी चर खणला. पाणी वळले, आणि एका भर दुपारी आबांच्या नाकासमोर, हातभर अंतरावर, ओढा खळखळू लागला.

आबांची पाठ तापलेली होती. पाणी गार होते. त्यात छोटे मासे फिरत होते.

"या, आबा," पाण्यातून खेकडा कळवळून म्हणाला. आदेश न सुटल्याने त्याला नांग्या मिटता येत नव्हत्या, आणि मिटता येत नसल्याने खाता येत नव्हते. "या हो, तुमच्या पाया पडतो. क्षणभर बसा. तुमचंही भागेल, माझंही."

"पाण्यात बसलं तर कसं धरतात?" आबांनी विचारले.

"अलीकडं बसलात असं धरतात," काटेराव मागून म्हणाले. "मान्य. मोठ्या मनानं मान्य केलंत असं जाहीर करू. तळं देऊ तुमच्या नावाचं."

आबांनी मान लांब केली, पाण्याचा वास घेतला. मान आत घेतली. आणि वळून काठाकाठाने चालू लागले.

त्या रस्त्यावरच झुला होता. वाड्यातून काढून तो आता मैदानात टांगला होता, म्हणजे सगुणेची सुरक्षा सर्वांना दिसावी. ती झुल्यावर अंग चोरून बसली होती. काटेरावांनी हंगामी आदेश काढला होता: पंखांबाबतचा निर्णय विचाराधीन असल्याने तो होईपर्यंत पंख वापरू नयेत. सगुणेने पहाटेची फेरी बंद केली होती. झुल्यासमोर वाटी होती, वाटीत महाराजांच्या खाजगीतले दाणे. इतर पक्ष्यांना कोणी काही सांगितले नव्हते. तेही फांद्यांच्या वर जाईनासे झाले होते. कोणी विचारले तर म्हणत, पाय मोकळे करायला चालणे बरे.

आबांची पाठ पाहून सगुणा झुल्यावरून खाली उतरली. चालत. पाण्यात गेली, पंख बुचकळले आणि आबांच्या पाठीवर झटकले. वाफ निघाली.

"आहाहा," आबा म्हणाले. हा त्यांनी त्या महिन्यात काढलेला सर्वांत लांब उद्गार होता.

"पंखांचा वापर झाला!" काटेराव ओरडले.

"उडायला नाही, पाणी आणायला," सगुणा म्हणाली. काटेरावांनी आदेश वाचून पाहिला आणि यावर खुलासा मागवू असे सांगून ते गेले.

आबा चालत होते, सगुणा शेजारून चालत होती. मैनेला चालणे जमत नाही. ती उड्या मारते.

"काय दिसतं झुल्यावरून?" आबांनी विचारले.

"वाटी," सगुणा म्हणाली.

"काल वरच्या अंगाला धूर होता म्हणे. कुठं होता, कोणाला कळलं नाही. हरणं धुराकडंच पळाली."

सगुणा एक उडी मागे राहिली.

"मलाही रस्ता कळेना झालाय बघ. हे रस्ते इतके झाले की वाट सापडत नाही. वरून कोणी सांगणारं नाही."

"उडाले तर म्हणतील आदेश मोडला. मग तुमचं चालणं वाया."

आबांनी उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. एवढ्या वेळात एक मुंगी त्यांच्यापुढे निघून गेली.

"पोरी," ते म्हणाले, "मी पाठ भाजत चालतोय ती तुझे पंख झुल्याला टांगून ठेवायला नाही. तुला कापू नये म्हणून चाललोय. आणि तू तर न कापताच कोंबडी झालीस."

सगुणेला राग आला. ती ताडकन झुल्यावर जाऊन बसली आणि दिवसभर आबांशी बोलली नाही. संध्याकाळी तिने वाटीतला एक दाणाही खाल्ला नाही, हे पहारेकऱ्यांनी पाहिले आणि वर कळवले. वरून उत्तर आले की तिची तब्येत उत्तम आहे.

ताजी बातमी अशी.

आज सकाळी न्याहारीच्या वेळी झुला रिकामा होता. कड्याच्या बाजूने, बऱ्याच उंचावरून, कोणीतरी ओरडल्याचे काही प्राण्यांनी ऐकले. नेमके काय ओरडले, हे ऐकणाऱ्यांना आठवत नाही. आबा मात्र लगेच डावीकडे वळले.

दुपारी तातडीची सभा झाली. झुला सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, वाऱ्याने हलत होता. काटेरावांनी ठराव मांडला की मैना झुल्यावरच असून ती आनंदात आहे. झुला हलतो आहे हाच त्याचा पुरावा. मान्य असेल त्यांनी बसावे, असे ते म्हणाले. सगळे बसले. रानकोंबडी म्हणाली, आज सगुणा अंमळ बारीक दिसते.

आबा चालत असल्याने मोजणी झालेली नाही. पहिला ठरावही तसाच पडून आहे, आणि खेकड्याच्या नांग्या अजून उघड्या आहेत. निकाल लागेपर्यंत मैनेच्या सुरक्षेत कसूर होऊ नये म्हणून झुल्यासमोरच्या वाटीत दाणे ठेवायचे चालू आहे. आज वाटी दुप्पट मोठी केली.

संध्याकाळी ती रिकामी होती.